दुरुस्त केलेली चूक पुढच्या प्रतीत परत का येते? कमांड लाइनच्या डॉक्युमेंटेशनची दुरुस्ती

लक्षण असं. कागदावर किंवा मॅन पेजवर (प्रोग्रामसोबत संगणकातच येणारं त्याच्या वापराचं पान) एक आदेश दिलेला असतो. माणूस तो जसाच्या तसा टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, टाकतो आणि तो चालत नाही. कोणी जाणकार येतो, पेनाने एक खूण करतो, काम होतं, सगळे आपापल्या वाटेने जातात. पुढच्या हंगामात नवी प्रिंट काढली जाते किंवा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, आणि तीच चूक त्याच ओळीत पुन्हा दिसते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागात आम्ही काही जण शाळांच्या लॅबमधले, वाचनालयांतले आणि शेतकरी गटांच्या कचेऱ्यांतले लिनक्सवर चालणारे संगणक सांभाळतो. तिथून येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "दादा, पानावर जसं लिवलं हाय तसंच टाकलं ना मी, तरी चालूनच नाही राह्यलं." माझं ठाम मत आहे की या वाक्यावर आधी विश्वास ठेवावा. सोयाबीनच्या खरेदीच्या नोंदी सांभाळणारी ताई किंवा बारावीतला पोरगा पानावरचं अक्षर न् अक्षर बघून टाइप करतो. पावसाळ्यात नेटवर्क जातं, विचारायला जवळ कोणी नसतं, म्हणून त्या पानाशिवाय त्यांच्या हातात दुसरं काहीच नसतं. अशा ठिकाणी पानातली एक चुकीची खूण अख्खा दिवस खाते.

(खाली आदेश देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना नेहमीची रोमन अक्षरं वापरायची.)

आडवी रेघ

सगळ्यात जास्त वेळा भेटणारी चूक हीच आहे, म्हणून हिच्यावर जास्त बोलतो. बॅकअपच्या कागदावर 'आरसिंक' या फायलींची दुसरीकडे प्रत करणाऱ्या प्रोग्रामची ओळ असते:

आरसिंक –एव्ही –डिलीट नोंदी/ /मीडिया/बॅकअप/

वाचताना ही ओळ बरोबर वाटते. पण 'एव्ही' आणि 'डिलीट' यांच्या आधी जी रेघ आहे ती कीबोर्डवरची रेघ नाही. कीबोर्डवर शून्याशेजारी असते ती हायफन-मायनस, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) यू+००२डी. कागदावरची आहे एन-डॅश, यू+२०१३. आरसिंकला फक्त पहिली ओळखता येते. दुसरी दिसली की तो त्या शब्दाला ऑप्शन (आदेश कसा चालवायचा ते सांगणारा पर्याय) न समजता फाइलचं नाव समजतो आणि 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असं सांगतो. मग माणूस फोल्डर तपासतो, पेन ड्राइव्ह काढून परत लावतो, केबल बदलतो. संदेश त्याला फायलींकडे पाठवतो आणि दोष मात्र रेघेत असतो. त्यातही 'एव्ही'ची रेघ बरोबर असून फक्त 'डिलीट'ची चुकलेली असेल, तर फायली कॉपी होतात, शेवटी तेवीस क्रमांकाची त्रुटी दिसते आणि जुन्या, काढून टाकलेल्या नोंदी बॅकअपमध्ये तशाच राहतात. बॅकअप झाला असं सगळ्यांना वाटत राहतं.

फोल्डर तयार करणाऱ्या एमकेडीआयआरचं तर आणखी विचित्र होतं. 'मायनस पी' ऐवजी एन-डॅश लागून पी आलं, तर तो तक्रार न करता '–पी' याच नावाचं फोल्डर तयार करतो. लॅबमधल्या एखाद्या संगणकावर असं फोल्डर दिसलं, तर समजून घ्या की तिथे कोणीतरी चुकीच्या पानावरून काम केलं आहे.

ही रेघ येते कुठून? आमच्याकडे बहुतेक कागद लिब्रेऑफिस रायटरमध्ये तयार होतात. त्यात ऑटोकरेक्ट चालू असलं की शब्द, मोकळी जागा आणि मग एक किंवा दोन हायफन असं टाइप केल्यावर तिथे एक एन-डॅश बसतो. हे नीट लक्षात घ्या: मूळ एक हायफन असो की दोन, दोन्हीचं रूपांतर एकाच खुणेत होतं. म्हणजे छापील कागद बघून मूळ ओळीत काय होतं ते सांगता येत नाही. अंदाजाने दुरुस्ती करणारे इथेच फसतात. आरसिंकमध्ये डिलीटच्या आधी दोन हायफन लागतात, फायली शोधणाऱ्या 'फाइंड'मध्ये एकच. पेनाने एक रेघ ठळक करून भागत नाही. त्या त्या प्रोग्रामचं मॅन पेज उघडून खात्री करावीच लागते.

आयफोनच्या कीबोर्डवर स्मार्ट पंक्चुएशन चालू असलं तर दोन हायफनांची एक लांब रेघ होते आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. व्हॉट्सॲपवर आदेश पाठवताना तीन बॅकटिकांमध्ये ठेवा, नाहीतर तारांकन आणि अधोरेषा ठळक किंवा तिरप्या अक्षरांच्या खुणा समजल्या जाऊन गायब होऊ शकतात.

संशय आला की डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. ती ओळ एका फाइलमध्ये पेस्ट करून फाइल दाखवणाऱ्या 'कॅट'ला मायनस कॅपिटल ए देऊन बघा. खरा हायफन हायफनच दिसतो. एन-डॅशच्या जागी 'एम-बी'ने सुरू होणारी लांब माळ दिसते. वाकडी अवतरणचिन्हं आणि न तुटणारी मोकळी जागा हीसुद्धा अशीच उघडी पडतात. फाइलमध्ये सगळीच बिगर-आस्की (साध्या इंग्रजी अक्षरं-खुणांबाहेरची) अक्षरं शोधायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिलेला असतो, पण आपलं पान मराठीत असेल तर प्रत्येक ओळच त्यात सापडते. म्हणून नेमक्या खुणा शोधा: यू+२०१०, २०१३, २०१४, वाकडी अवतरणं, आणि यू+००ए०.

कॉपी करताना सोबत येणाऱ्या आणखी दोन गोष्टी. ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचिन्ह हे फक्त प्रॉम्प्ट, म्हणजे आदेशाची वाट बघणारी टर्मिनलची खूण आहे; ते सोबत आलं तर निदान 'कमांड नॉट फाउंड' असा संदेश येतो. पण रूटचा (सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याचा) प्रॉम्प्ट दाखवायला वापरलेलं हॅशचिन्ह आलं, तर शेल (टर्मिनलमधला आदेश वाचून चालवणारा प्रोग्राम) पूर्ण ओळ टिप्पणी समजतो. काहीच घडत नाही आणि काही संदेशही येत नाही. शिकणाऱ्याला वाटतं, झालं काम. मी लिहितो त्या पानांवर म्हणूनच प्रॉम्प्ट छापतच नाही. कोणत्या वापरकर्त्याने आदेश द्यायचा ते वाक्यात लिहितो. 'इथे फाइलचं नाव लिहा' हे कोनी कंसात दाखवायची पद्धतही सोडा. शेलसाठी कोनी कंस म्हणजे फाइलकडे वळवण्याची खूण आहे.

पान चुकलं आहे, की आवृत्ती वेगळी आहे?

दुरुस्ती पाठवण्याआधी हे ठरलं पाहिजे. 'टाइप' हा आदेश वापरून बघा की तुम्ही चालवता तो नेमका कोणता प्रोग्राम आहे, की कोणी ठेवलेलं उपनाव. मग '--व्हर्जन'. डेबियन, उबुंटू किंवा सी-डॅकची डेबियनवर बेतलेली 'बॉस' या लिनक्सच्या प्रकारांवर संगणकातलं मॅन पेज त्याच पॅकेजसोबत आलेलं असतं, त्यामुळे ते तुमच्या आवृत्तीशी जुळतं. संकेतस्थळावरचं पान बहुधा सगळ्यात नव्या आवृत्तीचं असतं. दोन्हींत फरक दिसला म्हणजे लगेच चूक सापडली असं होत नाही.

काही पानं लिहिली तेव्हा बरोबर होती, काळाने जुनी झाली. पॅकेजांची सही तपासायची किल्ली 'एपीटी-की'ने जोडायची सूचना याच प्रकारची. त्याच्या स्वतःच्या मॅन पेजनेच डेबियन ११ आणि उबुंटू २२.०४ नंतर तो नसेल असं सांगून ठेवलं होतं. डेबियन १२ पासून पायथनची पॅकेजं बसवायला सरळ 'पिप इन्स्टॉल' केलं तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून ते नकार देतं, आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावं लागतं. मजकूर शोधणारा 'ईग्रेप' अजून चालतो, पण जीएनयू ग्रेप ३.८ पासून, म्हणजे २०२२ पासून, आधी एक इशारा छापतो. तो इशारा बघून लॅबमधली मुलं थांबतात, काहीतरी बिघडलं असं समजतात. अशा ठिकाणी दुरुस्तीचा मजकूर वेगळा असतो: 'हे चूक आहे' असं न लिहिता 'अमुक आवृत्तीपासून असं करा' असं लिहायचं, जुन्या आवृत्तीवाल्याचा आदेश काढून टाकायचा नाही. आमच्या भागात जुने संगणक वर्षानुवर्षं चालतात. त्यांच्यासाठी ती ओळ अजून कामाची असते.

आदेश चालतो, तरी पान चुकलेलं

या चुकांची मला जास्त काळजी वाटते, कारण त्या कळवायला कोणी फोन करत नाही.

फाइंडमध्ये '-डिलीट' आधी आणि '-नेम' नंतर लिहिलं, तर नाव तपासायच्या आधीच खोडणं सुरू होतं आणि त्या फोल्डरखालचं सगळं जातं. मॅन पेजमध्ये हा इशारा स्पष्ट दिलेला आहे. गाइडमध्ये उतरवताना क्रम बदलला जातो. आरसिंकमध्ये स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ आहे की नाही यावर निकाल बदलतो: 'नोंदी/' लिहिलं तर आतल्या फायली जातात, 'नोंदी' लिहिलं तर नोंदी नावाचं फोल्डरच आत जाऊन बसतं. सोबत डिलीट असेल, तर चुकीच्या ठिकाणचं सगळं पुसलं जाऊ शकतं. अशी ओळ ज्या पानावर आहे तिथे आधी '--ड्राय-रन' (काही न बदलता काय होईल ते नुसतं दाखवणारा पर्याय) लावून बघायची सूचना नसेल, तर मी ती पानातली चूकच धरतो आणि तशी दुरुस्ती पाठवतो. प्रकल्पांची देखभाल करणारे काही जण म्हणतात की ही चूक नाही, फक्त वगळलेली गोष्ट आहे. पण ज्याच्या शेतकरी गटाची दोन हंगामांची वजनं एका ओळीत जातात, त्याला हा फरक काय कामाचा?

क्रॉनटॅबमधलं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप आदेश चालवणाऱ्या 'क्रॉन'च्या यादीतलं, टक्क्याचं चिन्ह हेही असंच. रोजच्या बॅकअपच्या फाइलला तारखेचं नाव द्यायला गाइडमध्ये 'डेट' आणि अधिक-टक्का-एफ अशी ओळ असते. टर्मिनलमध्ये ती नीट चालते. क्रॉनटॅबमध्ये मात्र टक्का म्हणजे नवी ओळ. आदेश तिथेच तुटतो आणि उरलेला भाग इनपुट म्हणून जातो. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ लावावी लागते, आणि हे मॅन पेजांच्या पाचव्या विभागातल्या क्रॉनटॅबच्या पानावर लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याने ओळ टर्मिनलमध्ये तपासली, क्रॉनमध्ये तपासली नाही, एवढंच घडलेलं असतं. त्रुटीचा संदेश संगणकातल्या टपालपेटीत पडून राहतो, तो कोणी उघडत नाही. आणि एक गोष्ट आपल्या गावांसाठी: 'रात्री दोनला चालवा' असं बहुतेक गाइड सांगतात, पण रात्री दोनला लाइन असेलच याची खात्री कोण देणार? बंद संगणकावर क्रॉनची वेळ निघून गेली की ते काम राहूनच जातं. अ‍ॅनाक्रॉन किंवा सिस्टमडीच्या टायमरमधला 'पर्सिस्टंट' पर्याय राहिलेलं काम संगणक चालू झाल्यावर करतो. आमच्या पानांवर हे बॅकअपच्या ओळीच्या लगेच खाली असतं.

चूक जन्मते कुठे

आता मुख्य मुद्दा. आपण चूक जिथे दिसते तिथे सुधारतो. कागदावर पेन, संगणकात मॅन पेजची फाइल. पण मॅन पेजची फाइल बहुधा हाताने लिहिलेली नसतेच, दुसऱ्या कशातून तरी तयार झालेली असते. प्रोग्रामच्या पुढच्या बांधणीत (बिल्डमध्ये) ती नव्याने तयार होते आणि तुमची दुरुस्ती पुसून जाते. काळ्या जमिनीतला कुंदा विळ्याने कापला तर पहिल्या पावसाला पुन्हा फुटतो, तसंच हे.

म्हणून आधी 'मॅन -डब्ल्यू' आणि प्रोग्रामचं नाव देऊन फाइलचा पत्ता घ्या. फाइल दाबलेली असते, ती 'झेडकॅट'ने उघडा आणि वरच्या दहा-पंधरा ओळी वाचा. तिथे बहुतेक वेळा उत्तर असतं. 'डू नॉट मॉडिफाय धिस फाइल' आणि हेल्पटूमॅनचं नाव दिसलं, तर ते पान '--हेल्प'च्या मजकुरातून तयार झालं आहे. म्हणजे दुरुस्ती प्रोग्रामच्या सोर्स कोडमधल्या मदतीच्या मजकुरात करायची. जीएनयू कोअरयुटिल्सची मॅन पेजं, म्हणजे एलएस, सीपी, टेल वगैरेंची, अशीच बनतात, आणि त्यांची सविस्तर पुस्तिका वेगळी, टेक्सइन्फो नावाच्या दुसऱ्या रूपात असते. चूक दोन्हीकडे आहे का ते बघा. मॅन पेज दुसऱ्या रूपातून तयार करायला वापरतात त्या पॅनडॉक, पॉड-मॅन, डॉकबुक किंवा अ‍ॅस्कीडॉक्टरचं नाव दिसलं, तर मूळ मजकूर त्या त्या रूपात आहे. गिटची (फायलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रामची) पानं अ‍ॅस्कीडॉकमध्ये लिहिली जातात. आरसिंकची पानं ३.२.० पासून मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणांनी मांडणी दाखवायच्या पद्धतीत) आहेत. कर्लच्या प्रत्येक ऑप्शनला तर स्वतःची वेगळी छोटी फाइल आहे आणि त्या सगळ्या जोडून एक लांब मॅन पेज बनतं. तिथे मोठं पान शोधत बसलात तर दुरुस्त करण्यासारखं काही हाती लागणार नाही.

मूळ मजकूर सापडल्यावर दुसरा प्रश्न विचारा: मूळ मजकुरात चूक आहे, की रूपांतर करताना ती तयार होते? रेघेच्या बाबतीत बरेचदा दुसरं उत्तर निघतं. मार्कडाउनमध्ये लेखकाने दोन हायफन बरोबर टाइप केलेले असतात. पॅनडॉक मार्कडाउन वाचताना 'स्मार्ट' विस्तार मुळातच चालू ठेवतो आणि साध्या मजकुरातल्या दोन हायफनांचा एन-डॅश करतो. संकेतस्थळं बनवणाऱ्या ह्यूगोमध्येही टायपोग्राफर मुळातच चालू असतो. डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या स्फिंक्समध्ये 'स्मार्टकोट्स' तसंच. तीनही ठिकाणी उपाय एकच पुरतो: ऑप्शनचं नाव बॅकटिकांमध्ये कोड म्हणून लिहा. कोडला ही साधनं हात लावत नाहीत. पूर्ण पुस्तिकेचंच असं झालं असेल, तर रूपांतराची सेटिंग बंद करा. पॅनडॉकला वाचनाचं रूप 'मार्कडाउन-स्मार्ट' असं दिलं की स्मार्ट बंद होतं.

हाताने लिहिलेल्या मॅन पेजमध्येही सापळा आहे. मॅन पेजची मांडणी करणाऱ्या ग्रॉफच्या भाषेत साधा हायफन हा शब्द जोडणारा हायफन मानला जातो, आणि मायनस हवा असेल तर त्याआधी उलटी तिरकी रेघ लिहावी लागते. २०२३ मध्ये ग्रॉफ १.२३ आलं तेव्हापासून साधा हायफन पडद्यावर यू+२०१० म्हणून उमटू लागला. दिसायला हुबेहूब सारखा, पण कॉपी केला तर आदेश चालत नाही, आणि मॅन पेजमध्ये तो ऑप्शन शोधला तर सापडतही नाही. डेबियनने आपल्या बाजूने सेटिंग ठेवून हे टाळलं आहे. त्याचाच परिणाम असा की डेबियनवर लिहिणाऱ्याला स्वतःच्या पानातली ही चूक कधी दिसतच नाही.

दुरुस्ती पाठवताना

नेटवर्कची अडचण गिटमुळे आड येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी गेलात की 'गिट क्लोन --डेप्थ १' करा, फक्त शेवटची अवस्था उतरते, डेटा कमी लागतो. गावात बसून दुरुस्ती करा, कमिट करा (बदल गिटमध्ये नोंदवा), 'गिट फॉरमॅट-पॅच -१'ने पॅचची, म्हणजे फक्त बदलाची, फाइल तयार करा. पुढे नेटवर्क मिळेल तेव्हा ती प्रकल्पाने सांगितलेल्या मार्गाने पाठवा. पाठवण्याआधी प्रकल्पाची सगळ्यात नवी प्रत बघा, कारण तुमच्या संगणकातली चूक तिकडे आधीच सुधारलेली असू शकते. दुरुस्त पान 'मॅन -एल'ने उघडून दिसायला कसं आहे ते तपासा, आणि पानाच्या लिखाणातल्या चुका दाखवणारं 'मॅनडॉक -टी लिंट'ही चालवा.

एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती. शेजारचं वाक्य आवडलं नाही म्हणून सोबत बदलू नका. देखभाल करणारा त्या वाक्यावर वाद घालतो आणि खरी दुरुस्ती अडकते. सोबतच्या मजकुरात चार गोष्टी असू द्या: पानावर काय आहे, ते चालवल्यावर काय झालं, कोणत्या आवृत्तीवर, आणि काय असायला हवं. संदेश टर्मिनलमधून जसाच्या तसा उचला. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. आपल्याकडची मुलं इंग्रजीच्या भीतीने थांबतात आणि ते मला मनापासून खटकतं, कारण जी चूक शहरातला अनुभवी माणूस न कळत सुधारून पुढे जातो ती या मुलांनाच दिसते. अनुभवी माणूस हायफन बोटाच्या सवयीने टाइप करतो, मुलं पानावरून उतरवतात.

पान बरोबर आणि प्रोग्राम चुकीचा, असंही असू शकतं. पानात लिहिलेलं वागणं शहाणपणाचं वाटलं, तर ती तक्रार प्रोग्रामवर नोंदवा, पान बदलू नका.

परत येऊ नये म्हणून

आमच्या स्वतःच्या मराठी पानांसाठी आम्ही लिब्रेऑफिसमधून आदेश लिहिणं बंद केलं. मूळ मजकूर मार्कडाउनच्या साध्या फाइलमध्ये, गिटमध्ये असतो आणि प्रिंट त्यातूनच निघते. गिटच्या प्री-कमिट हुकमध्ये, म्हणजे कमिट होण्याआधी आपोआप चालणाऱ्या टप्प्यात, एक छोटी स्क्रिप्ट आहे: कोडच्या भागात वर सांगितलेल्या खुणांपैकी एकही सापडली, तर कमिट अडवायचा आणि ओळीचा क्रमांक दाखवायचा. मराठी वाक्यांत एन-डॅश आला तर तिची हरकत नाही. लिब्रेऑफिस ज्यांना सोडता येत नाही त्यांनी टूल्समधल्या ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये जाऊन रेघा बदलण्याचा पर्याय आणि अवतरणचिन्हं बदलण्याचा पर्याय बंद करावा. हे प्रत्येक संगणकावर वेगळं करावं लागतं.

हुकला चुकीची खूण कळते, चुकीचा आदेश कळत नाही. त्यासाठी आदेश चालवूनच बघावा लागतो. पानातले कोडचे भाग बाहेर काढून रिकाम्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये एकेक चालवणारी स्क्रिप्ट प्रिंट काढण्याआधी चालते. क्रॉनच्या ओळी क्रॉनमधूनच तपासायच्या, एका मिनिटानंतरची वेळ देऊन.

मूळ प्रकल्पाने दुरुस्ती स्वीकारली तरी ती गावातल्या संगणकावर लगेच येत नाही. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत डॉक्युमेंटेशनची किरकोळ दुरुस्ती बहुधा पुढच्या स्थिर आवृत्तीसोबतच पोचते, म्हणजे वर्ष-दोन वर्षंही जाऊ शकतात. तोवर त्या संगणकावरचं मॅन पेज चुकीचंच राहणार. म्हणून भिंतीवरच्या कागदावर आदेशाखाली प्रोग्रामची आवृत्ती आणि तपासल्याची तारीख छापा, आणि मॅन पेजमध्ये कोणती ओळ चुकीची आहे तेही लिहा. संगणक अपडेट झाला की ती आवृत्ती बघायची, बदलली असेल तर ओळ पुन्हा चालवायची, आणि दुरुस्ती आत आलेली दिसली की कागदावरची ती टीप काढायची.